नाल्याचा चढ आणि डावा गुडघा

ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे. चालवते मात्र माझी पत्नी. जालन्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून मी इतरांचे दावे नोंदवीत होतो, तेव्हा वाटूरजवळची आमची शेती तिने याच तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर सांभाळली. निवृत्त होऊन गावी आल्यावर मी दोन कामे अंगावर घेतली: तक्रारअर्ज लिहिणे, आणि मडगार्डवर माणसे बसवणाऱ्यांना कायदा सांगणे. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसू नये, याबाबत ग्रामपंचायतीकडे माझी चार पत्रे पडून आहेत. मी स्वतः पत्नीच्या शेजारी कधी बसलो नाही. ती ट्रॅक्टर घेऊन पुढे जाई, मी मागून पायी जाई.

गेल्या साली सोयाबीनची ट्रॉली भरून ती नाल्याचा चढ चढत असताना मला ते दिसले. अर्ध्या चढावर इंजिनाचा दम तुटला. गिअर उतरवावा लागला, आणि त्यासाठी तिने डाव्या हाताने स्वतःचा गुडघा खाली रेटून क्लच दाबला. पायात जोर नव्हता. त्या एवढ्याशा चढावर हे तीनदा झाले.

वर आल्यावर मी विचारले, "कधीपासून हे?"

"दोन सालापासून. सांगितलं असतं तर तुम्ही गुडघ्यालाच नोटीस धाडली असती."

डॉक्टरांनी ट्रॅक्टर सोडण्यास सांगितले. घरी आल्यावर ती म्हणाली, "तो सोडून मी काय करू? ओसरीत बसून तुमच्या अर्जांना टाचण्या लावू?" नव्या ट्रॅक्टरचा विषय काढला, तर तिने ताटावरून मान वर केली नाही. "ह्याचा आवाज ऐकला की कुठं काय दुखतंय ते मला कळतं. नव्याचं कवा कळायचं?"

मार्ग एकच उरला. इंजिनाला बळ मिळाले तर चढावर गिअर बदलावा लागणार नाही, क्लच दाबावा लागणार नाही, आणि ती शेतात जात राहील. मी कंपनीला लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले: सदर मॉडेल बंद झाले असून नवीन घ्यावे. त्या दोन ओळींना मी सात पानांचे उत्तर दिले. ज्या यंत्राने एका बाईचे अर्धे आयुष्य ओढले, त्याला 'सदर मॉडेल' म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

शेवटी वाटूर फाट्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "सोपं हे, वकीलसाहेब. डिझेल पंपाचं कंपनीचं सील तोडतो, डिझेल वाढवतो. चढाला घोड्यावानी पळंल." मी वकील नाही, हे त्याला चांगले ठाऊक आहे.

"आणि टिकेल किती?"

"दोन हंगाम."

"नंतर?"

"मंग या की परत."

मी घरी जाऊन त्याला कलमवार पत्र लिहिले. सील कोणी तोडू नये. पंप रीतसर तपासून घ्यावा. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून, त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाचे पिस्टन बसवावेत. थर्मोस्टॅट काढू नये. फेरफारासाठी मी परिवहन कार्यालयाकडे परवानगीचा अर्ज केला आणि कागद हाती येईपर्यंत मिस्त्रीला पाना लावू दिला नाही.

थर्मोस्टॅटवरून मात्र आमची जुंपली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती लहानशी झडप. इंजिन गरम होऊ नये म्हणून आमच्याकडे ती सर्रास काढून टाकतात, आणि थंड राहिलेले इंजिन आतून झिजत जाते.

"सगळेच काढतात, साहेब."

"सगळे हा पुरावा नव्हे."

"तीस साल झाले काढून राह्यलो, एकबी मानूस कोर्टात गेला न्हाई."

"मी जाईन."

तो हसला आणि माझे पत्र भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून कामाला लागला. झडप जागच्या जागी राहिली. पुढे एक दिवस गेलो, तर तो तिन्ही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून आणून त्यांचे वजन घासून सारखे करीत होता. इंजिन कमी थरथरावे, जास्त टिकावे, म्हणून. माझ्या एकाही कलमात हे नव्हते. मी तसे म्हणालो.

"तुमच्यासाठी कुठं करून राह्यलो?" तो मान वर न करता म्हणाला. "काकू गाडी घेऊन आल्या की उतरायच्या आधी बिघाड सांगायच्या. अन् बराबर तोच निघायचा."

हे मला माहीत नव्हते. माझ्या गैरहजेरीतली तिची पस्तीस वर्षे मला अशीच कुठे कुठे, लोकांकडून, थोडी थोडी कळत आली आहेत.

नव्याने बांधलेले इंजिन पहिले पन्नास तास हलके चालवायचे असते. तिने ते पाळले. भरलेल्या ट्रॉलीला हात लावला नाही. मग या साली सोयाबीन निघाले, ट्रॉली भरली, आणि नाल्याच्या तोंडाशी ती थांबली.

"बसा."

"कुठे?"

"इथं, मडगार्डवर. मागून काय दिसंल तुम्हाला?"

शेत आमचे, वाटही आमची. तरी ते धोक्याचे होते, आणि मी सबब सांगत नाही. मी चढून बसलो आणि दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरले.

चढ सुरू झाला. जिथे दम तुटायचा तिथे आवाज जरा खोल गेला, पण तुटला नाही. मी रस्त्याकडे पाहिलेच नाही. तिच्या डाव्या पायातली चप्पल फूटबोर्डवर होती तिथेच वरपर्यंत राहिली. तिचा हात स्टिअरिंगवरून गुडघ्याकडे गेला नाही.

वर, जिथे आमची वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथे तिने गुडघा हाताने रेटून क्लच दाबला आणि ट्रॅक्टर उभा केला.

"काय झाले?" मी विचारले.

"उतरा. हितून सरकारी रस्ता हे."

मी उतरलो. चढ संपल्यावर तिने क्लच दाबला होता तो मला उतरवण्यासाठीच. मग ती पुढे निघाली आणि मी नेहमीसारखा मागून पायी.