आबांच्या हातचं मीठ

भोरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या आमच्या ह्यांनी चहावाल्याला तोंडावर सांगितलं, "चहा पाणचट आहे." ह्यांना स्पष्ट बोलायची खोड आहे, आणि त्या खोडीला ते तत्त्व म्हणतात. आमच्या लग्नात माझ्या वडिलांना 'जिलबी कच्ची राहिलीय' असं ह्यांनी स्वतः नवरदेव असून सांगितलं होतं. अशा माणसाला घेऊन मी हिर्डोशीला निघाले होते, माझ्या भाचीकडे, सुनंदाकडे. "मावशी, एकदा या की," असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची.

हिर्डोशीकडे गाड्या मोजक्याच. आमची लागली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बसा, बसा. जागा न्हाई, पर बसा." आम्ही बसलो, म्हणजे मी एका बाईंच्या पिशवीशेजारी टेकले. पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आलेली. भात काढून झालेली खाचरं (भाताची लहान लहान शेतं) बांधाबांधांनी उतरत गेली होती आणि वळण आलं की मध्येच धरणाचं पाणी दिसायचं.

"कुनाकडं निघालाय?" कोंबडीवाल्या बाईंनी विचारलं.

"आचारी आबांकडे. त्यांची सून माझी भाची."

"मग चंगळ हाय तुमची! किकवीपासनं वेल्ह्यापतूर लगीन म्हंजी आबाच. केवढी बी पंगत असू द्या, मीठ चाखून न्हाई टाकायचे, नुसतं मुठीनं."

"बघू," आमचे हे म्हणाले. ह्यांच्या 'बघू'ची मला धास्तीच वाटते.

आबा ओट्यावर वाट बघत बसले होते. पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग "लई लांबनं आला" हे तीनदा. मी सरळ चुलीपाशी गेले. कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) रटरटत होतं. आबा आत आले, बाही सारली, मूठभर मीठ सोडलं, "झालं" म्हणाले आणि बाहेर गेले. काय तो रुबाब!

सुनंदा सरपण आणायला परसात गेली. तेवढ्यात मला चुलीमागं झाकलेलं दुसरं पातेलं दिसलं. शिजलेली डाळ होती. बोट लावून चाखली तर पार अळणी. विसरली बिचारी! पाहुण्यांसमोर तिला ओशाळं वाटू नये म्हणून मी गुपचूप हात सैल सोडून मीठ घातलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. चांगुलपणा असा बोभाटा न करता करावा, असं मला वाटतं.

सुनंदा परत आली आणि तिनं ते अख्खं पातेलं आबांच्या कोरड्यासात ओतलं.

"अगं, हे काय?"

"हळू बोला, मावशी. त्या मोठ्या तापापासनं आबांच्या जिभंला चव न्हाई. हाताला सवय पंगतीची, तवा आमच्या एवढ्याशा भांड्यात पंगतीचं मीठ पडतंय. म्हनून मी बिनमिठाची डाळ येगळी ठेवते आन् मागनं वतते. मधी त्यांनी पळी सोडली हुती तर घास जात नव्हता त्यांना. आता पाव्हण्यानं नाव ठिवलं तर कायमचीच सोडतील."

मी तिचा हात धरला. "सुनंदा, त्या डाळीत मी मीठ घातलंय."

"आँ?"

"वाढा की," बाहेरून आबांचा आवाज आला. "पाव्हणं भुकेजलं असत्याल."

सुनंदानं तांब्याभर आधण ओतलं, मी देवाचं नाव घेतलं. दोन्हींचा काही उपयोग झाला नाही. जमिनीवरची पंगत, हे माझ्यासमोर, त्यामुळे चिमटा काढायचीही सोय नव्हती. सुनंदाच्या नवऱ्यानं पहिला घास गिळला आणि आढ्याकडे बघितलं. मग ह्यांनी घेतला.

"मीठ कसं हाय, पाव्हणं?" आबा म्हणाले. "खरं सांगा."

अख्ख्या महाराष्ट्रात 'खरं सांगा' कुणाला म्हणू नये, तर आमच्या ह्यांना! ह्यांनी घास गिळला, तोंड उघडलं, आबांकडे बघितलं. आबा हात गुडघ्यांवर घट्ट धरून पुढं वाकले होते. सुनंदा दारात भाकरी घेऊन थिजलेली. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"सुनंदा," हे म्हणाले, "अजून एक पळी वाढ."

आणि भातावर घेऊन सगळं संपवलं. खरं सांगते, लग्नाच्या दिवशीसुद्धा मला हा माणूस इतका आवडला नव्हता.

परतीच्या गाडीला सोडायला आबा आले. हे पाण्याची बाटली घ्यायला दुकानाकडे जवळजवळ धावले. ते लांब गेलेले बघून आबा हळूच म्हणाले, "बाय, आज मीठ लई झालं न्हवं?"

"छे हो, आबा!"

"आगं, आचाऱ्यानं पंगतीचं पानी बघायचं. आज अख्खी कळशी सपली. सूनबाई चुलीमागं डाळ लपवती, ते म्या कवाच बघितलंय. आज तिचं कायतरी चुकलं."

माझं काय चुकलं ते सांगायची हिंमत झाली नाही. "मग आबा, तुम्ही मीठ टाकताच कशाला?"

"पळी सोडली तवा पोर रोज डोळं पुसायची. माझ्या नादानं तीबी जेवंना. येक दिस उठलो, टाकलं मीठ. हासली. मग रोजच टाकतोय. पाव्हण्याला इचारतो बी, न्हाईतर तिला संशव यील. आज तुमच्या मालकांनी तोंड उघडलं आन् माझाच जीव वर-खाली झाला. पोरीला सांगू नगा हां. लई निगुतीनं करती."

गाडीत मी ह्यांना विचारलं, "बोलला कसे नाहीत हो?"

"त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि धीरच झाला नाही," हे म्हणाले आणि उरलेली बाटली संपवली.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच सुनंदाचा फोन. "मावशी, डोळ्याला डोळा न्हाई. वाटंत आबा काय बोलले का? त्यांना कळलं तर न्हाई?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. सगळं जिभेवर आलं होतं. सांगून टाकावं, दोघंही सुटतील. मग वाटलं, सुटून करतील काय? इतकं जपायला दुसरं काय आहे त्यांच्याकडे?

"नाही गं," मी म्हणाले. "आबांना काही म्हणजे काही कळलेलं नाही."

"सुटले बाई," सुनंदा म्हणाली. "चला, ठेवते. डाळ झाकायची हाय. आबा येतीलच मीठ टाकाया."