दोन कॉम्प्युटर, दोन पायथन

फजितीचे किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मिलिंद गायकवाड आणि मी भेटलो की चहा संपायच्या आत एखादा निघतोच, आणि दोघंही खाली बघून हसतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धामणकर नाक्याजवळ भोईरकाकांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. त्याचा वरचा माळा त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी फुकट दिला होता. "माझी पोरं" अशीच ते आमची ओळख करून देत. माळ्यावर आमचे दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर प्रोग्राम लिहायचं पायथन, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून घातलेलं. फक्त सीडी वेगवेगळ्या अंकांच्या. एकीवर जुनं, एकीवर नवं!

*

एकदा काका त्यांच्या कोन गावाहून पाहुणे घेऊन आले, पोरांचं काम दाखवायला. मिलिंदच्या मशीनवर सकाळी चाललेला प्रोग्राम मी ऐटीत माझ्या मशीनवर लावला. पडद्यावर नुसते एरर. पाहुणे बघतायत आणि मी घामाघूम. शेवटी काकांनीच सावरून घेतलं, "त्याची झोप झाली न्हाय अजून."

*

पायथनला जोडायचे तयार तुकडे, म्हणजे मॉड्यूल, मुंबईतल्या एका मित्राकडून फ्लॉपीवर आणावे लागत. एक आणला की तो दुसरा मागायचा, दुसरा तिसरा. मिलिंदच्या खेपा संपेनात. एके दिवशी मित्राच्या आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आता अंथरूण घेऊनच ये."

*

मग मी शहाणपणा केला. प्रत्येक कामाला वेगळं फोल्डर, त्याची मॉड्यूल त्यातच. थोड्याच दिवसांत फोल्डरांची नावं झाली नवीन, नवीन खरं, शेवटचं, शेवटचं खरं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मिलिंदने विचारलं, "यातलं खरं कुठलं रे?"

गिऱ्हाईक चहा न घेताच उठलं.

*

काकांनी आमच्याकडे एकदाच काही मागितलं. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, त्यांचा फोटो कापडात विणून घरात लावायचा होता. विणायला फोटोचे चौकोन पाडायचा प्रोग्राम आम्ही मिलिंदच्या मशीनवर तपासला आणि घाईत छापला माझ्या मशीनवरून. सुट्या कागदांवर नुसते चौकोन, त्यात चेहरा कुणाला दिसणार? कारागिराने त्यावरून लूमला लावायची भोकांची कार्डं पाडली. माझ्या मशीनवरचं चित्रांचं मॉड्यूल जुनं होतं. ते ओळी खालून वर मोजायचं.

कापड लूमवरून उतरलं ते घडी घालूनच कोनला गेलं. सगळ्या भावकीसमोर काकांनी ते उलगडलं. वडिलांचं डोकं खाली! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मिलिंदने पुढे होऊन कापड फिरवून धरलं. डोकं वर आलं, पण डाव्या गालावरचा मस उजव्या गालावर गेला होता. मी माफी मागायला पुढे झालो.

काका कापडाजवळ गेले आणि त्यांनी त्या मसावर बोट टेकवलं.

"बाबा दाढी करायचं तवा मी पाठी उभा ऱ्हायचो," ते म्हणाले. "आरशान असंच दिसायचं."