शेळीला लागल्या दोन रांगा

माझ्या नातीच्या खाजगी शाळेत शिकण्यापेक्षा इतर उद्योगच जास्त. सोमवारी बुद्धिबळ, मंगळवारी नाटक, शनिवारी कराटे, आणखी काय काय. आमच्या शाळेत चार इयत्ता, एक खोली आणि एक गुरुजी. अवांतर उपक्रम म्हणजे विहिरीवरून पाणी आणणे. त्यामुळे नातीला आणायला मी मुद्दाम अर्धा तास आधी जातो. फुकटात सगळं बघायला मिळतं.

तिथंच हॉलमावशी भेटल्या. शाळेच्या सभागृहातल्या तीनशे वीस खुर्च्या मांडणं, उचलणं, चटया अंथरणं हे त्यांचं काम; बावीस वर्षं झाली. शिक्षण सातवीपर्यंत. पदर खोचलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या. त्यांचा एक सिद्धांत होता, तोही पहिल्याच भेटीत त्यांनी मला ऐकवला.

"आजोबा, कार्यक्रम कसा झाला ते मी नंतर खुर्च्या बघून सांगते. माणूस रंगला की पुढं वाकतो, खुर्ची जागेवर राहते. कंटाळला की मागं रेलतो, खुर्ची मागं सरकते. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण झालं ना, की सहावी रांग सातवीच्या मांडीवर बसलेली असते."

मी इतका हसलो की मला खोकला लागला. त्यांनी पाणी दिलं आणि वर म्हणाल्या, "हसा, पण बाहेर बोलू नका. नोकरी आहे."

आता नातीचं सांगतो. वक्तृत्व मंडळात सहा मुलं होती आणि आंतरशालेय स्पर्धेला चारच जाणार होती. शनिवारी सगळ्या शाळेसमोर निवड. विषय, गृहपाठ हवा की नको. वेळ पाच मिनिटं. मागच्या वर्षी पोरगी पाचवी आली होती आणि घरी येऊन तिनं दप्तराला लाथ घातली होती. यंदा तिला जायचंच होतं. त्यात मंडळाच्या बाई आजारी पडल्या. मग भाषण लिहायला घरात कोण? मी! मी चार किस्से घातले. त्यातला हुकमी किस्सा शेळीचा: आमच्या गुरुजींच्या शेळीनं अख्ख्या वर्गाच्या वह्या खाल्ल्या आणि गुरुजींनी तिलाच उत्तीर्ण केलं.

सरावासाठी रिकामा हॉल हवा होता. मावशी म्हणाल्या, "हॉल देते. पण मी माझं काम करत राहणार. तू मला थांबवून दाखव. खुर्ची हातात धरून मी उभी राहिले तर भाषण जमलं असं समज."

पोरगी व्यासपीठावर चढली. मावशी खुर्च्या मांडू लागल्या. पहिला किस्सा झाला, एक रांग लागली. शेळी आली, वह्या खाऊन गेली, तेवढ्यात दोन रांगा लागल्या. मावशींनी मान वर केली नाही.

"आजोबा, शेळी काढा."

"अहो, खरी शेळी आहे! मी स्वतः पाहिलीये!"

"असेल हो. पण हिनं कुठं पाहिलीये? ए पोरी, तुझ्या घरी गृहपाठाचं काय होतं ते सांग बघू."

नात माझ्याकडे बघत घुटमळली. मग चाचरत म्हणाली, "आई आठला कामावरून येते. मग आम्ही दोघी गणितं करतो. भांडतो. परवा तर आई हातात पेन्सिल धरूनच झोपली. मग उरलेली गणितं मी आवाज न करता केली."

मावशी उभ्या होत्या. खुर्ची हातातच.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी चारही किस्से खोडले. जीव तुटला. शेळीवर रेघ ओढताना तर दोनदा पेन उचललं.

शनिवारी हॉल भरला. मी पाचव्या रांगेत. नातीचा नंबर शेवटचा, म्हणजे लोक आधीच पाच जणांना ऐकून वैतागलेले. तिनं सुरुवात बरी केली आणि मधेच अडकली. पुढचं वाक्यच आठवेना, हातातल्या कागदावरही सापडेना. आजूबाजूला खुर्च्या करकरल्या. माझ्या ओठांवर शेळी आली होती, देवाशपथ! तेवढ्यात मागून मावशी उशिरा आलेल्या पालकांसाठी खुर्च्या घेऊन मधल्या वाटेनं निघालेल्या तिला दिसल्या. पोरीनं कागद खाली ठेवला आणि सभा सोडून थेट मावशींशीच बोलायला लागली. आई, आठ वाजता, पेन्सिल, भांडण, सगळं. "गृहपाठ द्या," म्हणाली, "पण एवढाच द्या, की तो संपल्यावर आम्हाला भांडणाखेरीज दुसरं काहीतरी बोलता येईल."

मावशी मधल्या वाटेत थबकल्या त्या थबकल्याच. मागून मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन येत होते. वाट बंद.

"मावशी, चला पुढं!"

"श्श!"

सगळ्या हॉलनं ते ऐकलं. मुख्याध्यापक गप्प उभे राहिले, पाहुणेही राहिले. पोरीचं भाषण संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग टाळ्या पडल्या आणि मावशींना एकदम भान आलं. "अगंबाई, साहेब!" म्हणत त्यांनी हातातली खुर्ची मुख्याध्यापकांनाच बसायला दिली. तेही मुकाट्यानं वाटेतच बसले.

अर्ध्या तासानं फळ्यावर यादी लागली. नातीनं ती तीनदा वाचली, माझ्याकडूनही एकदा वाचून घेतली आणि हॉलकडे पळाली. मी मागोमाग. मावशी कराटेच्या चटया ओढत होत्या.

"मावशी, तिसरी!"

"घेणार किती?"

"चार."

"म्हणजे तुझ्याखालीपण एक जण आहे. झकास!" मावशींनी तिच्या गालावर थापटलं आणि चटईचं टोक तिच्या हातात दिलं. "धर. आज कराटेवाले लवकर येणारेत. आणि आजोबा, तुम्ही नुसते हसत काय उभे आहात? ते दुसरं टोक कोण उचलणार?"