दीडपट जागेचा फॅमिली फोटो

आमचं कुटुंब दहा बाय बाराच्या ज्या खोलीत इतकी वर्षं मावलं, त्याच खोलीत ते एका फोटोत मावेना, ह्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

चिंचपोकळीची आमची चाळ पाडायची ठरली. चावी द्यायला एकच दिवस उरला होता आणि आईला एकच गोष्ट हवी होती. खोलीत सगळ्यांचा एक फोटो, मागे भिंतीवर बाबांची तसबीर. "ह्यांका वगळून माका फोटो नको," तिने बजावलं. बाबा गेल्यापासून ती काही मागत नव्हती. हसत तर नव्हतीच. त्यामुळे हे काम मी अंगावर घेतलं. मोबाइलवर काढा, असं बायको म्हणाली. (घरात कॅमेरा असताना? छे!)

लेन्स संदीपकडून आणली. हा माझा मित्र, लालबागला लग्नाचे फोटो काढतो. त्याचा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे आत मोठा सेन्सर. माझा क्रॉप सेन्सरवाला, धाकट्या पातीचा. त्याच्या पस्तीस एमएमच्या लेन्सने त्याने एवढ्याशा खोलीतली अख्खी हळद टिपलेली मी पाहिली होती.

"बसेल ना रे माझ्यावर?"

"बसेल की. फक्त तुझा क्रॉप आहे ना, मग दीडपट धर."

मी जाणकारासारखी मान हलवली. रीडेव्हलपमेंटच्या सभा सुरू झाल्यापासून आमच्या चाळीत दीडपट म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर यायची: जागा वाढणार! आत्ता एवढी खोली, नंतर दीडपट. मी धरून चाललो की संदीपच्या कॅमेऱ्यात मावतात त्याच्या दीडपट माणसं माझ्यात मावतील. शेजाऱ्यांनाही बोलवावं, असं मनात येऊन गेलं.

मधोमध आई बसली. एका बाजूला दादा-वहिनी, दुसऱ्या बाजूला ताई, माझी बायको आणि टोकाला भावोजी. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आई दिसली. बाबांचा हार दिसला, बाबा दिसेनात. भावोजींचं फक्त नाक आलं होतं.

"भावोजी, जरा आत सरका."

ते सरकले.

"अजून थोडं."

"आता काय, सासूबाईंच्या मांडीवर बसू?"

जावई फोटोतून कापला जाणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ताईचा चेहरा बदलू लागला. मी घाईघाईने संदीपला फोन लावला.

"अरे येड्या, दीडपट म्हणजे कमी दिसणार! तुझ्यावर ती पस्तीसची लेन्स बावन्नसारखी वागते. तुला तेवीस-चोवीसची लागली असती."

"मग आता?"

"मागे जा."

मागे! मागे दार होतं आणि दाराबाहेर गॅलरी. गॅलरीतून पाहिलं तर फोटोत चौकट आली आणि निम्मे नातेवाईक चौकटीआड गेले.

"इतकी वर्षां सगळे ह्या खोलीत मावले," आई हळूच म्हणाली, "तुझ्या डब्यात कशे मावणत नाय?"

आता हा फोटो काढल्याशिवाय हलायचं नाही, असं मी ठरवलं आणि खोलीचा सगळ्यात लांबचा कोपरा शोधला. तो मोरीत होता. तिथे कोपरा अडवून पाण्याचं पिंप उभं होतं. उद्या खोली सोडायची, तरी सवयीने आईने ते सकाळी काठोकाठ भरून ठेवलं होतं.

"अहो, झाकण प्लास्टिकचं आहे," बायको म्हणाली.

"दिसतंय मला!" मी म्हणालो आणि चढलो.

झाकणाने क्षणभर विचार केला. मग मी कमरेपर्यंत पिंपात गेलो! कॅमेरा धरलेला हात तेवढा वर राहिला आणि बोट बटणावर. "अगो बाई, माझो झील गेलो!" म्हणत आई उठली, तिच्यामागे सगळेच माझ्याकडे धावायला निघाले आणि जागच्या जागी हसत एकमेकांवर कोसळले. कॅमेरा खटाखट वाजत होता.

त्यातला एक फोटो नीट आला. लेन्स तीच, माणसंच एकमेकांच्या जवळ आली होती. भावोजी पूर्ण आहेत. भिंतीवर बाबा आहेत. आणि त्यांच्या खाली आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते आहे. कितीतरी दिवसांनी.

तो फोटो आता आमच्या भाड्याच्या घरात, बाबांच्या शेजारी लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "सगळे आहेत, मग धाकटा कुठाय?"

आई अगदी शांतपणे सांगते, "तो पिंपात आसा."