शेवटचा दाणा

मनुष्याची खरी परीक्षा तो काय सुरू करतो यात नसून, काय शेवटास नेतो यात असते. हा विचार मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका खानावळीत, एका हातात रश्शाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात पळी घेतलेल्या माणसाकडून तो मला मिळाला. त्यांनीही तो या शब्दांत सांगितला नव्हता. ते म्हणायचे, "पावणं, अर्ध्यातनं उठायचं न्हाय."

असं म्हणून ते पळी आडवी धरायचे. रेल्वेचं फाटक पडल्यासारखं वाटायचं. उठू पाहणारा माणूस पुन्हा बसायचा आणि उरलेली भाकरी मुकाट्यानं संपवायचा.

सगळे त्यांना आण्णा म्हणत. मी जवळच एका कचेरीत कारकून होतो आणि माझ्या खोलीत चूल पेटवण्याची परवानगी नव्हती, म्हणून सहा वर्षं त्यांच्याकडे जेवलो. या सहा वर्षांत मला ताप आला की ते पांढरा रस्सा घरपोच पाठवत, माझ्या बदलीच्या अफवेवर माझ्याआधी काळजी करत; पण मी पहिल्या दिवशी 'पावणं' होतो आणि शेवटच्या दिवशीही 'पावणं'च होतो. बढती कचेरीतही मिळाली नाही, तिथंही नाही.

अर्ध्यातून न उठण्याच्या आण्णांच्या नियमाला एक अपवाद घडलेला होता, आणि तो त्यांच्या घरातच. मी त्या दिवशी दोन ताटं सोडून बसलो होतो. त्यांचा मुलगा सुरेश मुंबईला जाऊन टीव्हीदुरुस्ती शिकायची म्हणत होता. आण्णा म्हणत होते की गल्ल्यावर बसायला काय शिकावं लागत नाही. दोघेही कोल्हापूरचे असल्यामुळे हे बोलणं समोरच्या सायकलच्या दुकानातही नीट ऐकू जात होतं. शेवटी सुरेश अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले आणि पिशवी घेऊन दाराकडे निघाला.

आण्णांनी पळी आडवी धरली नाही. नुसतं म्हणाले, "जेवून तरी जा."

तो गेला. त्यानंतर चार वर्षं त्याचं एक अक्षर आलं नाही. सुरेशचं ताट आण्णांनी घासूनपुसून फळीवर पालथं घातलं आणि त्यात कुणाला वाढायचं नाही असं सांगून टाकलं. रविवारी गर्दी झाली की मात्र वाढत. धंदा होता.

पाचव्या वर्षी, म्हणजे ऐंशीचं दशक मध्यावर आलं असताना, मुंबईहून लॉरीनं एक लाकडी खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव सुरेशचं. आत कपाटाएवढं एक यंत्र निघालं. त्याला टीव्हीसारखी काच, एक दांडा आणि नाणं टाकायची फट होती. चिठ्ठी नव्हती. आण्णांनी खोक्यातला सगळा भुसा हातानं चाळून पाहिला.

"चिठ्ठी कशाला लिवंल त्यो?" स्वयंपाकघराच्या दारातून आण्णांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकी, म्हणाल्या. "बापावरच गेलाय."

यंत्र हात धुवायच्या मोरीशेजारी ठेवलं गेलं. शाहूपुरीत व्हिडिओ गेम म्हणून काही चीज असते हे तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. त्यामुळे रीतसर उद्घाटन झालं. वॉर्डाचे नगरसेवक आले, हार घालून घेतला, आणि आज आपल्या वॉर्डात एकविसावं शतक अवतरत आहे असं त्यांनी जाहीर केलं. मग नाणं टाकलं. काचेवर एक पिवळी कोंबडी आली. शेताच्या बांधांसारख्या वाटा होत्या, त्यांवर दाणे पसरलेले होते, आणि चार कोपऱ्यांत चार मांजरं होती. कोंबडीनं दाणे टिपायचे आणि मांजरांना चुकवायचं, इतकाच एकविसाव्या शतकाचा आशय होता. नगरसेवकांची कोंबडी दोन पावलं चालली आणि मांजरानं धरली.

एका नाण्यात तीन कोंबड्या मिळत. नगरसेवकांनी घड्याळ पाहिलं. "दुसरा कार्यक्रम हाय," ते म्हणाले आणि वळले.

पळी आडवी झाली. "सायेब, दोन कोंबड्या शिल्लक हायत."

"आण्णा, तुमी खेळा की."

"तुमचं ताट मी कसं खाऊ?"

नगरसेवक पळीखालून वाकून गेले. हारासकट वाकणं सोपं नसतं, पण त्यांना सवय असावी. इकडे काचेवर कोंबडी एकटी उभी होती आणि मांजरं निघाली होती. आण्णांनी पातेलं खाली ठेवलं, धोतराला हात पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो दांडा धरला.

त्या दिवसापासून मी एक नवीनच प्रकार पाहिला. तुम्ही पुढे अनेक ठिकाणी असे खेळ पाहिले असतील. पण तिथं मालकाला खेळणारा लवकर मरावा असं वाटतं, कारण पुढचं नाणं त्यावर अवलंबून असतं. आण्णांना उलटं वाटायचं. कुणी खेळ अर्धा टाकून उठला की ते कासावीस व्हायचे. "कोंबडं जेवतंय बिचारं, आन् तुमी उठून चाललायसा," असं म्हणत दांडा हातात घ्यायचे आणि तो माणूस परत येईपर्यंत त्याची कोंबडी जगवायचे. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक फेरी होती. तिच्यात मांजरं कायम पाऊलभर मागं राहतात, हे त्यांनी शोधून काढलं होतं. वाटेतले दाणे टिपावेच लागत. पण एक दाणा ते कधी खात नसत. सगळं शेत मोकळं झालेलं असे, मध्ये एकच दाणा, आणि आण्णांची कोंबडी त्याला वळसा घालून फिरत असे.

"खा की आण्णा त्यो," रांगेतला कुणी तरी ओरडायचा. "तेवढा खाल्ला की संपतंय बगा."

"दुसऱ्याच्या ताटातला शेवटचा घास कोन खातंय व्हय रं?"

"मग मशीन तरी सोडा."

"ताट धरलंय त्यांचं. येतीलच."

आतून काकींचा आवाज यायचा, "राका, राका कोंबडी. हिकडं आमटी करपंना का. अंडी तरी घालतीया का बगा."

लोक खेळ अर्ध्यावर का सोडतात याचा अभ्यास मी त्या काळात केला, तोही जेवता जेवता. गूळबाजारातले एक व्यापारी रोज मोठ्या ईर्षेनं खेळायचे आणि रस्त्यावर ओळखीचा माणूस दिसला की दांड्यावरून विजेचा झटका बसल्यासारखा हात काढायचे. माझ्या कचेरीतला एकजण पहिल्याच दिवशी इतका चांगला खेळला की दुसऱ्या दिवशी त्याला कंटाळा आला. बिद्रीच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करणारे एक काटेवाले कामासाठी कोल्हापूरला यायचे. रंगात आलेला डाव टाकून ते एकदा एसटीसाठी पळाले ते महिन्यानं उगवले. आण्णांनी त्यांना दारातच गाठलं. "पावणं, तुमची कोंबडी लाईट जाईपातूर जित्ती हुती. लाईटनं मेली, माज्या हातनं न्हाय." काटेवाल्यांना आपली कोंबडी होती हेच आठवत नव्हतं.

एक प्राध्यापक मात्र वेगळे होते. ते शेवटची कोंबडी उरली की उठत. रोज. वेळ नाही म्हणत, आणि मग बाहेर पानाच्या गादीशी बराच वेळ उभे राहत. एकदा मी त्यांना विचारलंच. ते गंभीरपणे म्हणाले, "असं पाहा, मी उठून जातो तोवर हरलेलो नसतो." हे मला फार खोल वाटलं. मी ते आण्णांना सांगितलं.

"त्ये जेवतच न्हाईत," आण्णा म्हणाले. "वास घिऊन जात्यात."

आण्णांची ही तगमग नुसत्या शिस्तीपोटी आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. एका दुपारी, खानावळ रिकामी असताना, ते माझ्यासमोर येऊन बसले. ते कधी बसत नसत.

"पावणं, तुमी वाचन करताय म्हून इचारतो. ह्येच्या शेवटाला काय असतंय?"

"कशाच्या?"

त्यांनी मोरीकडे मान वळवली. "पोरानं चिठ्ठी लिवली न्हाय. पर येवढं जड मशीन कोन उगच पाठवतंय का? कायतरी सांगायचं असनार. शेवटाला ठिवलं असनार त्येनं. कुनीतरी एकदा शेवटापातूर खेळलं की दिसंल. पर एक मानूस बूड टेकून बसंल तर शपथ."

मी त्यांना सांगायला हवं होतं की असे खेळ कारखान्यात तयार होतात, त्यात मुलगे बापासाठी निरोप ठेवत नाहीत. मी पुष्कळ वाचलेलं असल्यामुळे मला ते माहीत होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "आण्णा, तुम्हीच खेळा की एकदा. तुमच्याइतका हात कुणाचा बसलाय?"

"माज्या हातनं न्हाई हुयाचं." ते उठले. मग पाठमोरे म्हणाले, "आन् शेवटाला कायच नसलं तर?"

पावसाळा संपता संपता यंत्र बंद पडलं. दांडा डावीकडे वळेना. कोंबडी कोपऱ्यात उभी राहायची आणि मांजरं येऊन तिला न्यायची. रेडिओ दुरुस्त करणारा एकजण आला, मागची फळी उघडली, आदरानं पुन्हा लावली आणि चहा पिऊन गेला. आण्णा दोन दिवस येता-जाता दांडा डावीकडे ओढून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी काकी परातीतलं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या.

"अवो, फोन करा त्येला. मशीन बिगडलंय म्हना. बाप बिगडलाय म्हनाय कोन सांगत न्हाय तुमास्नी."

यंत्राच्या पाठीवर मुंबईच्या कंपनीचा नंबर रंगवलेला होता; सुरेश तिथंच कामाला असणार असा अंदाज. गूळबाजारातल्या त्याच व्यापाऱ्यांच्या पेढीतून ट्रंक कॉल लावला. आधार म्हणून मी बरोबर गेलो. आण्णा इतक्या मोठ्यानं बोलले की फोनची तशी गरज नव्हती.

"सुरेश हाय का? ... मी बोलतोय. ... मशीन बिगडलंय. ... न्हाय, दांडा. डावीकडं जात न्हाय. ... व्हय. ... आई बरी हाय. ... बरं."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग लाईन कटणार हे कळल्यासारखे ते घाईनं म्हणाले, "येताना जेवून येऊ नगोस."

तो दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं आला. अंगानं भरला होता, मिशी ठेवली होती, हातात हत्यारांची पेटी. आण्णा दारात उभे होते. चार वर्षांत या क्षणाची त्यांनी पुष्कळ तयारी केली असणार. प्रत्यक्षात ते म्हणाले, "या पावणं."

सुरेश सरळ मोरीकडे गेला, यंत्र उघडलं, दांडा सोडवून काढला आणि नाकाला लावला. मग त्यानं वळून पाहिलं.

"आण्णा, ह्यात तांबडा रस्सा गेलाय."

"गेला असंल."

"लोक जेवता जेवता खेळत्यात व्हय?"

"मग? खानावळ हाय न्हवं."

पाठीमागं काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. निदान मला तरी हसणंच वाटलं. सुरेशनं दांडा रॉकेलनं धुतला, तेल घातलं, परत बसवला. कोंबडी डावीकडे वळली. तोवर काकींनी फळीवरचं ताट सुलटं केलं होतं आणि वाढलंही होतं. तो बसला. आण्णा काही त्याच्यासमोर बसले नाहीत. यंत्रापाशी गेले, नाणं टाकलं आणि ताटाकडे पाठ करून खेळू लागले. हे त्यांचं स्वतःचं पहिलं नाणं.

"सुरेश."

"काय?"

"ह्येच्या शेवटाला काय असतंय रं?"

"शेवट न्हाय त्येला."

दांडा थांबला. "म्हंजे?"

"शेवटचा दाणा खाल्ला की दाणं परत भरत्यात. मांजरं जरा जोरात पळत्यात. बास. कितीबी खेळा."

"मग तू काय सांगनार हुतास?"

सुरेशला प्रश्न कळला नाही. "मी? काय न्हाय. जुनं मशीन हुतं. मुंबईत कोन खेळंना. मालक भंगारात घालाय लागला, मी म्हटलं आमच्या आण्णांकडं पाठवतो. मोरीजवळ जागा हाय म्हटलं."

मी ताटात पाहत होतो. खरं तर मला आण्णांकडे पाहायची हिंमत होत नव्हती. पण त्यांचा आवाज आला तो नेहमीचाच, जरा चढाच.

"मोरीजवळची जागा ध्येनात हुती तुज्या?"

"हुती की."

काचेवर एकच दाणा उरला होता. आण्णांनी कोंबडी सरळ त्यावर नेली आणि तो खाल्ला. शेत दाण्यांनी पुन्हा भरलं. 

"ह्ये बेस हाय," ते म्हणाले. "वाढपच हाय की ह्ये."

सुरेश अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. मिरजेला गाडी थांबली तेव्हा त्यानं वडे खाल्ले होते. मी आण्णांच्या पळीकडे पाहिलं. ती पातेल्यातच होती. आण्णांनी ती अर्धी भाकरी दुसऱ्या ताटाखाली झाकली आणि काकींना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सांच्याला खाईल."

त्या संध्याकाळी तो होता. पुढं मुंबईला गेला, पण महिन्या-दोन महिन्यांनी दांडा पुसायचं निमित्त काढून येत राहिला. दांड्यात रस्सा जाऊ नये म्हणून कुणी काही केलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. आण्णा नंतर कुणाची कोंबडी राखत बसले नाहीत. कुणी अर्ध्यातून उठला की "या परत," एवढंच म्हणायचे, आणि बरेचजण यायचेही.

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी शाहूपुरीत गेलो तेव्हा आण्णा नव्हते, खानावळही नव्हती. सुरेश कायमचा परत आला होता. मोरीच्या जागी त्यानं चटणी कांडायचं यंत्र बसवलं होतं. बाकांवर बायका डबे मांडीवर घेऊन यंत्रावर डोळे लावून बसल्या होत्या.

इथं मात्र अर्ध्यातून कुणीही उठत नाही. आपल्या मिरचीत शेजारणीची मिरची मिसळेल अशी प्रत्येकीला भीती असते.