दुपट्ट्याखालचा आकडा

बैलबाजारात खरा आकडा तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. पहिला आकडा नेहमी खोटा. दुसऱ्यांचे बैल हाकत मी बाजारात शिरलो, दलाल झालो आणि याच बोटांवर अमरावतीत दोन मजली घर बांधलं. सवय हाडात मुरली आहे.

मागच्या वर्षी मला नागीण झाली. पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा, सदरा टेकला तरी आग. शेजारी म्हणाले, तोंड शेपटीला भिडलं की माणूस जातो. फोड वाळले, ठणक राहिली. त्याआधीही सारखं तोंड यायचं, सर्दी हटायची नाही, झोप लागायची नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. आई अकोल्याला धाकट्या भावाकडे वारली. निरोप मिळताच मी अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूरला पोचलो तर फोन आला, अग्नी दिला. मोठा मुलगा मी, तासाभराच्या अंतरावर होतो, आणि त्यानं वाट पाहिली नाही. स्मशानात चार लोकांदेखत त्याला नको ते बोललो. त्यानंतर तीन वर्षं त्याच्या घरची पायरी चढलो नाही.

त्याची मुलगी मात्र फोन करायची. ती अकोल्यात डॉक्टरकी शिकते. माझ्या दुखण्याचं घरी सांगू नको, असं मी तिला बजावलं होतं. तिचे सर ताणाचा प्रतिकारशक्तीवर आणि मनावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होते. नागीण होऊन गेलेली माणसं त्यांना हवी होती. तिच्या शब्दावर मीही अकोल्याला जाऊ लागलो. दर महिन्याला रक्त द्यायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू अंगात झोपून असतो, पहारा ढिला पडला की उठतो, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे ताणानंच झालं?" मी विचारलं.

"वयानंही होतं. तेच तर तपासून राहिलो," सर म्हणाले.

प्रश्न पुतणी विचारायची. शून्य ते दहा, मनावर ओझं किती?

"दोन," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यातही दोन. तिसऱ्यांदा तिनं पेन खाली ठेवलं.

"मोठे बाबा, झोप तीन तास, जेवण अर्धी भाकर, अन् ओझं दोन?"

"मंग तू वाढव ना. मी काय एकदमच सांगू?"

"इथं कोणी वाढवत नाही. तुमी सांगसान तेच लिहिल्या जाते."

कालच्या पोरीनं मला खोट्यात काढावं? खुर्ची सारून उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तिनं ओढणी टेबलावर पसरली आणि खाली हात सरकवला. हा खेळ लहानपणी मीच तिला शिकवला होता. एका गोळीसाठी ती पाच बोटांवर अडून बसायची. मी तिचा पंजा दाबला, सोडला, मग चार बोटं धरली.

तिनं नऊ लिहिलं.

"तुह्या बापाले सांगशील?" खरं तर त्याच्या कानावर जावं म्हणूनच मी तो आकडा दिला होता.

"नाही. इथलं घरी जात नाही."

"कोणाचंच?"

"कोणाचंच. मी दलाल नाही, मोठे बाबा. तुमीच सांगा त्याईले."

परतताना बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली. मी फोन लावला.

"बोल दादा," भाऊ म्हणाला.

"मले नागीण झाली होती."

"पोरगी बोलली नाही कधी."

"तू थांबला काहून नाही?"

स्मशानात मी शिव्या दिल्या होत्या. हा प्रश्न विचारलाच नव्हता.

"मी म्हणलं होतं थांबू. ऊन लई होतं, लोकं घाई करून राहिले होते. माह्यानं त्याईले अडवणं झालं नाही."

"आई तुही एकट्याची होती का?" म्हणालो आणि फोन कापला. बस निघाली तेव्हा पाठीतली ठणक वाढली होती.

त्यानं नंतर दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

पुढच्या महिन्यात पुतणीनं पुन्हा ओढणी पसरली. मी पंजा दाबला, तीन बोटं धरली आणि चौथ्यापाशी अडलो. ती वाट पाहत बसली.