लाल रेक्झिनची पुस्तकं

परवा नोएडाला जाताना नव्याकोऱ्या कॅबमध्ये बसले आणि सीटच्या रेक्झिनचा वास येताच काच खाली केली. त्या वासाबरोबर मला आमचे साहेब आठवतात.

शिकत असताना मी दिल्लीतल्या एका संग्रहालयात जुन्या पुस्तकबांधणीचा अभ्यास करायचे. साहेब तिथले प्रमुख, आर. के. पुरममध्ये आमच्याच कॉलनीत राहणारे. आई-बाबा त्यांचं नाव फार आदराने घेत.

एका फारसी हस्तलिखिताच्या चामडी बांधणीवर माझा जीव जडला होता. भिंगातून शिवणीतला हिरवा रेशमी दोरा दिसायचा. मागच्या पुठ्ठ्यावर कुणा वाचणाऱ्याच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत खळगा झाला होता. त्यात माझा अंगठा नेमका बसायचा.

एका सकाळी गेले, तर टेबलावर सगळी हस्तलिखितं लाल रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरं मिरवत उभी.

"मंत्रीजी येताहेत," साहेब खुशीत म्हणाले. "बघ, कशी चमकताहेत!"

"सर, जुनी बांधणी कुठंय?"

"फेकली. सडकं चामडं होतं, यार. आतला मजकूर तर तोच आहे ना?"

मी धावत मागच्या अंगणात गेले. कचऱ्याची गाडी केव्हाच निघून गेली होती.

दुपारी मंत्री आले, चहा प्यायले आणि पुस्तकांकडे न बघताच गेले. साहेब मात्र त्यांच्या गाडीमागे फाटकापर्यंत हात जोडून जवळजवळ पळत गेले.

तेव्हा मी संतापाने रडले होते. आता वाटतं, राग यावा इतकाही तो माणूस मोठा नव्हता.